फेसाळ बादलीतला थेंब

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी माणसानं पीएच.डी. करू नये, आणि केलीच तर थेंबावर करू नये. मी दोन्ही केलं. वरवट बकालजवळच्या आमच्या शेतात कपाशीच्या पानावर पडलेला थेंब कसा वाळतो, ते कॉम्प्युटरवर हुबेहूब उभं करायचं होतं. मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, "खरा थेंब आणि पडद्यावरचा थेंब सोबत वाळले, तरच प्रबंध आणा. सोमवार शेवटचा."

पानावरचा थेंब चार मिनिटांत गायब. पडद्यावरचा पठ्ठ्या भिजलेल्या साबुदाण्यासारखा गरगरीत बसून. अकरा मिनिटं जागचा हलेना. मी प्रोग्राममध्ये ऊन वाढवलं, वारा सोडला, हवेतला ओलावा काढून टाकला. थेंब सात मिनिटांवर आला, पण भर सप्टेंबरात आमच्या शेताचं वाळवंट झालं. शेवटी वैतागून सरांना फोन केला, "सर, प्रोग्रामच चुकीचा आहे."

"प्रोग्राम मी लिहिलाय," सर म्हणाले.

शनिवारी बाबा मागं येऊन उभे राहिले. पडद्याकडे बघत म्हणाले, "हा थेंब असा फुगून काऊन बसला बे?"

"पाण्याचा थेंब असाच बसतो, बाबा."

"मंग पानावरचा चपटा काऊन होता? पाणी कुठलं घेतलं तू?"

"शेताच्या धुऱ्यावरच्या बादलीतलं."

बाबांनी कपाळावर हात मारला. "अबे, त्यात मी स्टिकर घोळून ठेवलं होतं! फवाऱ्याची दवाई पानावर पसरावी म्हणून टाकतेत ते. फेस नाही दिसला तुले?"

"दिसला ना. मले वाटलं, ताजं पाणी आहे."

"अन् हा पोराइले फिजिक्स शिकवते म्हणे," बाबा भिंतीला म्हणाले.

थेंबाची कड पानाला किती उभी टेकते, याचा एक आकडा प्रोग्रामला द्यावा लागतो. मी साध्या पाण्याचा देऊन मोकळा झालो होतो. ढिगातली तूर वाळत नाही, पसरलेली वाळते, हे मला शेंबडं नाक असल्यापासून ठाऊक. पण थेंबाच्या बाबतीत सुचेल तर शपथ! स्टिकरच्या पाण्याची कड मोजून आकडा बदलला, सप्टेंबर परत आणला. थेंब पसरला, आणि चार मिनिटांत, दोन-चार सेकंद इकडेतिकडे, वाळला.

"आता लागंल पानाले दवाई," बाबा म्हणाले.

सोमवारी सरांनी दोन्ही थेंब शेजारी ठेवून पाहिले, प्रबंध आणायला सांगितला, आणि विचारलं, "मग चूक होती तरी कुठे?"

"बादलीत, सर."