मेनूथच्या खिडक्यांत आडव्या बाटल्या

सवय होईल म्हणे! कशाची सवय? इस्टेटच्या तोंडाशी रोज रात्री दहापर्यंत दारू मिळायची सवय लावून घ्यायची आम्ही? दूध-ब्रेडचं दुकान आहे ना तुझं... मग दूध-ब्रेड विक की बाबा!

थांबा, नीट सांगते. आम्ही आयर्लंडमध्ये मेनूथला राहतो. इस्टेटमध्ये, म्हणजे आमच्या घरांच्या वसाहतीत, शिरतानाच डेक्लनचं छोटं दुकान लागतं. त्याने आता दारूच्या लायसनसाठी अर्ज केलाय, रात्री दुकान बंद होईपर्यंत विकायची म्हणून. कितीतरी घरांनी हरकत घेतली, तरी हा काही मागे हटेना.

माणूस वाईट नाही हां. माझ्यासाठी मुद्दाम कोथिंबीर मागवतो. मी तोंडावर विचारलं तर म्हणाला, "नुसत्या दुधावर दुकान चालत नाही, अनिता. होईल लोकांना सवय." खरंही असेल त्याचं... पण माझं दुखणं वेगळं आहे.

आमचे हे इथल्या एका हॉटेलात कुक आहेत. पूर्वी प्यायचे... किती ते विचारू नका. आता सुटलीय. (त्यांना विचारूनच लिहितेय. "लिही, त्यात लपवायचं काय," म्हणाले.)

ड्युटी संपली की येताना ते डेक्लनकडे शिरतात. दूध घेतात, त्याच्याशी मॅचच्या गप्पा मारतात आणि घरी येतात. सुपरमार्केटची खरेदी मी करते, तिथे ते पाऊलच टाकत नाहीत. दमलेल्या माणसाला बाटलीचं तोंड न बघता शिरता येईल असं हे एकच दुकान उरलंय... तेही नको का राहायला?

आमच्या इस्टेटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसती कुरकुर. हे एवढे लांब लांब इंग्रजी मेसेज आणि खाली अंगठे. मी सातवीपर्यंत शिकलेली, मला ते धड वाचताही येत नाहीत. पण अंगठ्याने दुकान थांबत नाही, एवढं मला कळतं.

मला एकच गोष्ट माहीत होती. आमच्या गावात बायकांनी मतदान करून दारूचं दुकान बंद पाडलं होतं. कागदावर दोन बाटल्यांची चित्रं... उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. मी स्वतः आडव्या बाटलीवर शिक्का मारलाय!

मग सईला, माझ्या लेकीला, बसवलं. म्हटलं, ग्रुपवर लिही, ज्यांना हे लायसन नको त्यांनी शनिवारी रस्त्याकडच्या खिडकीत एक बाटली आडवी ठेवा. तर ही ओरडली, "मॅम! आय ॲम स्कार्लेट फॉर यू!" म्हणजे माझ्यामुळे तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. म्हटलं, होऊ दे. टाईप कर.

काल शनिवार. सकाळीच मी केचपची बाटली खिडकीत आडवी करून ठेवली आणि पडद्याआडून बघत बसले... दुपार झाली तरी कुठे काही नाही. शेवटी चपला घातल्या आणि बाहेर पडले.

समोरच्या पॅटने गेटपाशी रिकाम्या बाटल्यांची पिशवीच ठेवलेली! त्याला वाटलं, रिकाम्या बाटल्यांचे पैसे परत देणारं मशीन असतं, त्यात टाकायला मी गोळा करतेय. त्याच्या शेजारणीने वाइनची बाटली ठेवली होती खिडकीत, पण उभी... आणि वर त्यात फुलं!

"अगं झोपव तिला! झोपव!" मी रस्त्यातूनच हात आडवा करून दाखवत होते. माझ्या गावची सगळी गोष्ट तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितली. पॅट हसून हसून लाल झाला. मग म्हणाला, "मी रोज एक ग्लास घेतो, अनिता. पण माझी नातवंडं दुकानासमोर जिथे बससाठी उभी राहतात तिथे नको." त्याने एक बाटली खिडकीत झोपवली आणि माझ्याबरोबर बेल वाजवत निघाला.

संध्याकाळी काय सांगू तुम्हाला! सगळी रांग आडवी! दुधाची, शाम्पूची, बाळाची निपलवाली... मी एकटी रस्त्यात टाळ्या वाजवत होते. सई तर व्हिडिओ काढत होती. त्या दिवशीची स्कार्लेट कुठे गेली कोण जाणे!

आणि मग तिनेच माझा हात ओढला. "मॅम, लुक अप."

दुकानाच्या वर डेक्लनची आई राहते, नोरा आजी. तिच्या खिडकीत मेरीमातेच्या आकाराची प्लास्टिकची बाटली, निळ्या मुकुटाचं झाकण असलेली, तीर्थाची... आडवी! मातेच्या डोक्याखाली छोटी उशीसुद्धा दिलेली.

डेक्लन खाली फुटपाथवर उभा राहून वर बघत होता. "मॅमी, हे काय?"

आजीने खिडकी उघडली. "घरात दुसरी बाटली नाही. तुझ्या बापाने ठेवल्या होत्या तेवढ्या पुरे झाल्या मला." खिडकी बंद.

तो आत गेला. आजीचंही दुखणं माझ्यासारखंच निघालं, आणि इतकी वर्षं रोज नुसतं हाय-बाय करत होतो आम्ही.

रात्री आमचे हे दूध घेऊन आले. म्हणाले, "आज डेक्लन मॅचचं काहीच बोलला नाही गं. नुसतं दूध दिलं आणि माझ्याकडे बघत राहिला." मग चहा ठेवून स्वतःच खिडकीपाशी गेले. केचपची बाटली घरंगळत होती, तिला टेकू लावला.

ज्यांनी ज्यांनी बाटली आडवी केली, त्या सगळ्यांचे पाय धरावेसे वाटतात. पण ते नंतर.

ही पोस्ट सई इंग्रजीत करून इस्टेटच्या ग्रुपवर टाकणार आहे, तेव्हा डेक्लन, ऐक. तुझं दुकान चालावं असं मलाही वाटतं. ते कसं चालेल ते आपण सगळे बसून बघू, मी समोसे घेऊन येते. पण अर्ज मागे घेतोस की नाही, ते शुक्रवारपर्यंत सांग. ग्रुपवर अंगठा नको. आमचे हे दूध घ्यायला येतील, तेव्हा त्यांच्या तोंडावर सांग. तोवर बाटल्या हलणार नाहीत... तुझ्या आईचीसुद्धा.