वारसाचं नाव

मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीचा लिलाव पुकारतात त्या हौसाबाई भाटकर. त्यांचे यजमान गंगाराम बारा वर्षं परदेशी जहाजावर खलाशी होते. त्यांचा पगार जमा व्हायचा तो हिंदी महासागरातल्या एका चिमुकल्या बेटावरच्या बँकेत.

यंदा शिमग्यानंतर तिकडून पत्र आलं. त्या देशाच्या नियामकाने बँकेचा परवाना रद्द केला होता. महिन्याभरात ओळख पटवली, तर खात्यातले पैसे परत मिळणार होते.

"जाऊ दे गो," गंगाराम म्हणाले. "त्या बेटावर आता कोन जातंय?"

"जायला कशाला हवं? फोन हाय ना." हौसाबाईंनी लगेच भाचीला बोलावून घेतलं. मृणाली देवरूखच्या कॉलेजात कॉमर्स शिकवते.

मृणालीच्या फोनवरून पासपोर्टचा फोटो गेला, लाइटबिलाचा गेला. बिल निघालं गंगारामांच्या आजोबांच्या नावावर, म्हणून रहिवासी दाखलाही गेला. शेवटी व्हिडिओ कॉल ठरला. पडद्यावर नियामक कार्यालयातली एक बाई आली. मागच्या खिडकीत निळाभोर समुद्र. ती इंग्रजीत बोलायची, मृणाली मराठीत सांगायची. खातं उघडताना वारस म्हणून जे नाव लिहिलं, तेच सांगायचं. संधी तीन.

"हौसा," गंगाराम म्हणाले.

बाईने मान हलवली. नाही.

"हौसा गंगाराम भाटकर."

तेही नाही. हौसाबाई हळूहळू नवऱ्याकडे वळल्या. "अवो, दुसरी कोन होती काय?"

"देवाशप्पत नाय गो." गंगारामांना घाम फुटला.

"काका, फॉर्म कोणी भरला होता?" मृणालीने विचारलं.

"जहाजावरच्या कारकुनाने. तो म्हनाला, तुझ्यामागे पैसे कोनाला द्यायचे? मी सांगितलं..." गंगाराम थांबले. त्यांचे कान लाल झाले.

"काय सांगितलंत?"

"मालकीण."

मृणालीने एकेक अक्षर इंग्रजीत सांगितलं. बाईने कागद पाहिला आणि मान डोलावली. मग तिने त्या शब्दाचा अर्थ विचारला. मृणालीने सांगितल्यावर ती इतकी हसली, की शेजारच्या टेबलांवरचे दोघे उठून आले. तिघांनी मिळून हौसाबाईंना हात केला. हौसाबाईंनी पदराने तोंड झाकलं, पण हसू काही आवरेना.

नवव्या दिवशी तीन लाख ऐंशी हजार रत्नागिरीच्या खात्यात आले. त्या संध्याकाळी हौसाबाई नवऱ्याला घेऊन भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर गेल्या. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, पण नुसतं फिरायला म्हणून दोघं पहिल्यांदाच बाहेर पडली. दोघांनी आइस्क्रीम खाल्लं, मग आणखी एक खाल्लं. मग नवं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेऊन हौसाबाई पोरीसारख्या लाटांत धावत सुटल्या, आणि गंगाराम त्यांच्या चपला हातात धरून काठाकाठाने, हसत, त्यांच्या मागे पळत राहिले.