तिसरी ‘ब’ची कार्डं

आमच्या दुकानात कागदाच्या कात्रणांचं पोतं आठवड्याला भरतं आणि भंगारवाला ते घेऊन जातो. किस्सेही त्याच वेगाने साठतात, पण ते न्यायला कुणी येत नाही. म्हणून म्हटलं, तुम्हालाच सांगावेत.

पनवेलला माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बॅनर, झेरॉक्स, सगळं करते. जुलैत एक बाई मुलीला घेऊन आल्या. नवऱ्याची उरणला बदली झालेली, म्हणून बिऱ्हाड पनवेलला, मुलीची शाळा नवी, तिसरी ‘ब’. मुलगी ईरा, आईच्या ओढणीमागे.

“महिना झाला, वर्गात एक शब्द बोललेली नाही हो,” आई म्हणाली. “नावाची कार्डं करून द्या. वाटायच्या निमित्ताने तरी तोंड उघडेल.”

कार्डावर नाव, वाढदिवस आणि खाली ‘मला आवडतं’ अशी ओळ. काय आवडतं विचारलं, तर ईरा आईच्या कानात कुजबुजली. आई ओशाळली.

“गप्प बसायला, म्हणते.”

मी तेच छापलं.

*

ईराने कार्डं वाटली, पण कशी? मधल्या सुट्टीच्या आधी प्रत्येकाच्या डब्याखाली एकेक सरकवून ठेवलं. तोंड न उघडता वाटप पूर्ण! आईने फोनवर हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज रडवेला झाला होता. मलाही वाईट वाटलं. पण दोन दिवसांत अख्खी तिसरी ‘ब’ अशीच कार्डं हवीत म्हणून माझ्या दुकानात हजर.

*

त्यातल्या एकाचे आजोबा आले. गावातले जमीनवाले, हातात सोन्याचं कडं.

“पोराचा फोटू मधी टाक, वर माझा टाक, खाली शुभेच्छुक.”

“आजोबा, हे एवढंसं कार्ड आहे. बॅनर नाही.”

“मंग मोठा कर. आमाला काय कमी हाय?”

केलं मोठं. अकरा काका फोटोसकट बसवले, तेव्हा लक्षात आलं की पोराचं नावच राहिलंय. आता कुठे घालू, विचारलं.

“ऱ्हाऊ दे,” आजोबा म्हणाले. “त्याला वर्गात सगले वलखतान.”

*

कामोठ्याच्या एक मॅडम यादी घेऊनच आल्या. अबॅकस लेव्हल थ्री, कराटे यलो बेल्ट, सगळं मुलाच्या कार्डावर हवं होतं. ‘मला आवडतं’पुढे काय लिहू, असं मी मुलालाच विचारलं.

“रविवार.”

“रविवारी तुझा चेसचा क्लास असतो,” मॅडम म्हणाल्या.

पोराने थोडा विचार केला. “मग रिकामं ठेवा, काकू.”

मॅडम फोनवर बोलायला बाहेर गेल्या, तेव्हा मी हळूच विचारलं, “काय रे, ती ईरा बोलते का आता?”

“नाही. पण मी बोललो की ऐकते,” तो म्हणाला. “घरी कुणाला टाइम नसतो ना.”

*

डिसेंबरात ईराची आई एकटीच आली. मी जरा धास्तावले. कार्डांचा काही उपयोग झाला नाही, हेच ऐकायला मिळणार असं वाटलं. तिने पर्समधून शाळेची डायरी काढली आणि एक पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. लाल शाईत वर्गाच्या बाईंचा शेरा होता.

‘ईरा वर्गात सतत बोलते. शेजारच्यांनाही बोलायला लावते. पालकांनी त्वरित दखल घ्यावी.’

“झेरॉक्स काढू?” मी विचारलं.

“कलर काढा,” ती म्हणाली. “आणि लॅमिनेशन करा.”