बारा मिनिटांचा डबल बेस

बोंबलाचा काटा लागून मरता मरता वाचलेला वेसाव्यातला पहिला माणूस मीच.

ज्यांच्या घरात मासळी शिजत नाय त्यांना सांगतो: बोंबलाचा काटा शेवयांसारखा मऊ. दात न आलेलं पोर आणि दात पडलेला म्हातारा, दोघं तो चोखून गिळतात. तेव्हा सत्तरी ओलांडलेला कोळी जेवता जेवता "काटा लागला!" म्हणून ओरडला, तर घरच्यांनी काय समजायचं? त्यांनी समजायचं तेच समजलं. चूक त्यांची नाय. चूक त्या डबल बेसची. (बरं, माझी.)

डबल बेस म्हणजे व्हायोलिनचा आजा. माणसापेक्षा उंच, म्हशीएवढं पोट, आणि चार तारा अशा जाड की त्यांनी होडी बांधली तर वादळात हलणार नाय. माझी नात जुई अंधेरीला एका क्लासला जाते. तिथल्या सरांनी तिचे लांब हात बघितले आणि हे धूड तिच्या गळ्यात मारलं. टेम्पोतून घरी आलं. ठेवायचं कुठे? माझी बायको हिराबाय, तिची मासळीची टोपली जिथे असायची त्या कोपऱ्यात. हिराबाय गेली त्याला दहा महिने झाले. तो कोपरा मी कुणाला देत नव्हतो. पण जुईने पहिली तार ओढली, घुंऽऽ करून फळीवरचे पेले थरथरले, आणि मी कोपरा देऊन टाकला. हिराबाय बोलायची तेव्हा पेले असेच थरथरायचे! (मार्केटात तिने हाक मारली की शेजारणीचं गिऱ्हाईक घाबरून आमच्याकडे यायचं.) दहा महिने मुकं पडलेलं घर परत बोलायला लागलं.

आणि तीन आठवड्यांनी, एका शुक्रवारी सकाळी, जुई बोटं फुंकत माझ्यासमोर उभी.

"आजा, मी सोडते हे. बघ, फोडावर फोड. खांदा दुखतो, अंगठा वळत नाय. रविवारच्या कार्यक्रमाला मी नाय जात."

"मग ह्याचं काय?"

"सर घेऊन जातील. मुलुंडचा एक मुलगा कधीचा थांबलाय."

 म्हणजे मुलुंडच्या पोराचे पेले थरथरणार आणि आमचे गप्प बसणार! पण असं नातीला सांगतं कोण? मी आपला नेहमीचा रस्ता धरला. बढाई.

"ह्याला फोड म्हणतात? हा हात बघ, गो! पन्नास वर्षं जाळ्याचा दोर ओढलाय. कासवाची पाठ हाय ही!"

"मग वाजव ना अर्धा तास."

"वाजवतो. फोड नाय आला तर तू रविवारी जायचं."

"आणि आला तर?"

"तर मी स्वतः सरांना फोन करतो. घेऊन जा म्हणतो."

जुई घड्याळाकडे बोट दाखवून आंघोळीला गेली. मी उभा राहिलो आणि ते धूड कवेत घेतलं. पन्नास वर्षांच्या संसारात चारचौघांत बायकोचा हात धरला नाय, आणि ह्या लाकडी बाईला भरदिवसा मिठी! सून मनीषा सैपाकघरातून डोकावली आणि पदर तोंडाला लावून परत आत गेली.

जुई बाथरूममधून ओरडली, "आजा, ओढू नको! हलकेच छेड!"

"गप! दोर ओढायला मला शिकवू नको!"

ओढली. होडी किनाऱ्याला घेताना ओढतात तशी, पाय रोवून. दुसऱ्या मिनिटाला खांदा बोलला. पाचव्याला डाव्या हाताची बोटं बधिर. आठव्याला कंबर म्हणाली, मी जाते. आणि बाराव्या मिनिटाला उजव्या हाताच्या दोन बोटांना असा चटका बसला की तवा पकडल्यासारखं! बघतो तर दोन फोड, टपोऱ्या द्राक्षांसारखे. डाव्या हाताला तीन बारके. एक गोष्ट मी विसरलोच होतो. हिराबाय गेल्यापासून मी होडीवर पाय ठेवला नव्हता. दहा महिन्यांत उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे टीव्हीचा रिमोट. कासवाच्या पाठीचा कधीच बाळाचा गाल झाला होता!

जुई बाहेर आली. "झाला अर्धा तास?"

"कधीच!" मुठी घट्ट मिटलेल्या.

"दाखव हात."

"जेवल्यावर."

जेवायला बोंबलाचं कालवण. लालभडक, वर तेलाचा तवंग. मनीषाचा हात तिखटाला सढळ. मी पहिला घास घेतला आणि द्राक्षं फुटली.

"आईऽऽ गं!"

"बाबा, काय झालं?"

"का... काटा लागला!"

 मनीषाने ताटात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"बोंबलाचा?"

"हो."

तिने खिडकी उघडली. "काशीमावशेऽऽ! लवकर या! बाबा कायतरीच बोलतायत! बोंबलाचा काटा लागला म्हणतायत!"

काशीबाय म्हणजे हिराबायची मार्केटातली जोडीदारीण. ती आली, आणि तिच्यामागे अर्धी गल्ली. मी पाटावर, दोन्ही मुठी मिटलेल्या, उजवीतून कालवण गळतंय.

"म्हाताऱ्या, मूठ उघड!"

"नाय उघडत."

"उघडत नाय की उघडता येत नाय?"

खोटं बोलायचं तर अक्कल लागते. मी म्हटलं, "येत नाय."

"अगं बाय गं! झटका आला! हिरा गेल्याचा धसका घेतला ह्याने!"

मग काय! एकीने तळपाय चोळले, एकीने नाकाला कांदा लावला, एकीने मीठमोहऱ्या ओवाळल्या, आणि दोघी माझी मूठ शिंपल्यासारखी उघडायला बसल्या. मी शेवटपर्यंत उघडली नाय. गल्लीतला तरुण डॉक्टर धावत आला.

"आजोबा, हसा बघू."

मी हसलो.

"तोंड थोडं वाकडं वाटतंय."

"ते जन्मापासून तसंच हाय!" काशीबाय म्हणाली.

"आजोबा, मूठ उघडा. नाय तर मोठ्या हॉस्पिटलात नेऊन मेंदूचा फोटो काढावा लागेल."

मी विचार केला. मूठ उघडली तर बेस गेला. नाय उघडली तर नुसता मेंदूचा फोटो. तसंही त्यात काय सापडणार होतं!

"चला," मी म्हटलं. "काढा फोटो."

जुई रडायला लागली. रिक्षा दारात आली. निघताना मी हिराबायच्या तसबिरीसमोर थांबलो. तिला सांगितल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाय. हात जोडले. आता हात काय मुठीने जोडतात? बोटावर बोट बसलं, आणि मी असा किंचाळलो की रिक्षावाल्याने घाबरून रिक्षा मागे घेतली!

जुईने माझे दोन्ही हात धरले. उलटे केले, सुलटे केले.

"आजा, किती वाजवलंस?"

"बारा मिनिटं."

"बारा? आणि हे लपवायला तू हॉस्पिटलात चाललेलास?"

 मान खाली घातली. "हरलो, बाय. लाव फोन."

तिने फोन लावून माझ्या कानाला धरला.  "सर, मी जुईचा आजा बोलतो. ते तुमचं वाद्य तेवढं घेऊन जा..."

तिने फोन खसकन ओढला. "सर, त्यांचं ऐकू नका. त्यांना सकाळपासून झटका आलाय. रविवारी मी येते." फोन ठेवला आणि कमरेवर हात ठेवून अख्ख्या गल्लीला म्हणाली, "पन्नास वर्षं दोर ओढणारा कोळी बारा मिनिटांत आडवा! मी तीन आठवडे वाजवतेय!"

रविवारी ती बोटांना पट्ट्या लावून वाजवायला उभी राहिली, आणि कोळीवाड्यातल्या बायकांनी सगळा हॉल डोक्यावर घेतला. मला टाळ्या वाजवता आल्या नायत. दोन्ही हातांना मलमपट्टी होती.

बेस अजून त्याच कोपऱ्यात आहे. जुईची बोटं आता टणक झाली. ती रोज वाजवते, पेले रोज थरथरतात. मला तिने स्वरांच्या वहीची पानं उलटायचं काम दिलं होतं. काल कागदाची कड लागून माझं बोट कापलं. तिने पट्टी लावली आणि म्हणाली, "आजा, उद्यापासून तू नुसतं ऐक."

ऐकतो. कानाला अजून तरी फोड आला नाय.