वेणूसाठी कापलेली खुर्ची

मालिनी कर्णिक आणि मी अंबरनाथच्या शाळेत एका वर्गात होतो. मॅट्रिकनंतर मी कॉलेजात गेले. ती बदलापूरला राहून शिक्षिका झाली. वडील वारले होते, आई दम्यानं अंथरुणावर होती, घर मालिनीवर होतं. १९५५ साली मी मराठी घेऊन बी. ए. झाले, तेव्हा ती जांभूळच्या पलीकडच्या एका खेड्यात, बोर्डाच्या शाळेत, दुसरीचा वर्ग शिकवत होती.

वेणू त्या वर्गातली. तान्ही असताना तिला ताप आला आणि पायांतलं बळ गेलं. कमरेतही जोर उरला नाही. तिचा बाप हरिचंद्र शेतावर जाताना तिला खांद्यावरून शाळेत आणून सोडायचा. इतर मुलं बसायची तशी ती जमिनीवर अंथरलेल्या तरटाच्या पट्टीवर बसायची आणि थोड्या वेळानं एका अंगाला कलंडायची. म्हणून एक हात कायम जमिनीवर टेकलेला. उरलेल्या हातानं लिहायचं, तर पाटी सरकायची.

वर्गात खुर्ची एकच होती, बाईंची. सागवानी, दोन्ही बाजूंना हात असलेली. मालिनीनं वेणूला तीत बसवलं आणि आपण उभी राहिली.

त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "उमा, अगं, तिचं अक्षर सुंदर आहे. इतके दिवस मला माहीतच नव्हतं."

पण मालिनी खडू आणायला बाहेर गेली की सदू नावाचा पोरगा ओरडायचा, "बाई आल्या, उठा रे!" सगळा वर्ग उठून हात जोडायचा. "वेणूबाई, हजेरी घ्या!" "वेणूबाई, छडी कुठाय?" वेणू मान खाली घालून बसायची. मालिनीला हा खेळ वाटला. तीही एकदा हसली.

गावात ते पसरलं. हरिचंद्र भर वर्गात आला.

"बाई, तुमी उभ्या नि माझी पोर तुमच्ये खुर्चीव? नाय, बाई. गावान तोंड कसा दावू?"

"हरिचंद्र, खाली ती पडते."

"ता मना ठावं हाय. पोरांसारखी पोरांन बसंल तं आनीन."

त्यानं वेणूला उचललं आणि नेलं. ती पुन्हा आली नाही. मालिनी घरी जाऊन आली. हरिचंद्रनं तिला पाट दिला, पाणी दिलं, आणि तेच उत्तर दिलं.

 परत आल्यावर ती मला म्हणाली, "त्याचं खरं आहे. मी तिला आधार दिला, पण मुलांतून उचलून वर ठेवलं."

रविवारी तिनं मला शाळेत बोलावलं. कुठून तरी करवत आणली होती. खुर्ची आडवी केली होती. पाठीवर बोर्डाचा नंबर पांढऱ्या रंगात होता.

"मालू, ही सरकारी आहे."

"घट्ट धर. हलतेय."

मी धरली. तिनं चारही पाय कापले. पहिल्यांदा खुर्ची डुगडुगली. तिनं पुन्हा कापलं. तळहाताला फोड आले. शेवटी बैठक जमिनीपासून जेमतेम दोन बोटं वर राहिली. मालिनी तीत बसली, पाय समोर पसरले, दोन्ही बाजूंना रेलून पाहिलं. कलंडली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं हरिचंद्रला बोलावून आणलं. त्यानं खुर्ची हातानं दाबली, हलवली. कापलेल्या पायांकडे बघितलं. मग वेणूला आणून पट्टीच्या टोकाला, सदूशेजारी बसवलं. दोघांचे खांदे एका उंचीवर आले.

"ए, सरक की," सदू म्हणाला.

"खुर्चीला सांग," वेणू म्हणाली.

हरिचंद्र गेला. मालिनी शाळा सुटेपर्यंत उभी होती. पुढेही रोज.

तपासणीची वेळ आली. तपासणीला येणाऱ्या साहेबांना सगळे दिपोटी म्हणत. आदल्या दिवशी हेडमास्तर विष्णुपंतांनी मालिनीला बाजूला घेतलं. माणूस भित्रा होता, वाईट नव्हता.

"मोडली म्हणून सांगा, मालिनीबाई. जुनीच होती. कोण विचारतंय?"

"आणि मोडलेल्या वस्तूचं काय करतात?"

"कल्याणला कचेरीत जमा करतात. नियमच आहे."

"म्हणजे खुर्ची जाणार."

"आणि तुमची नोकरी राहणार. आईचा विचार करा."

दिपोटींनी वर्गात आल्या आल्या खुर्ची पाहिली.

"हे काय?"

"मी कापली, साहेब. या मुलीला बसता येत नव्हतं."

"मोडली होती का?" त्यांनी विष्णुपंतांकडे पाहिलं. विष्णुपंत जमिनीकडे बघत होते.

"नाही, साहेब," मालिनी म्हणाली. "चांगली होती. अजून चांगली आहे. रोज वापरात आहे."

त्यांनी वेणूला पाटीवर लिहायला लावलं. वाचलं. खुर्ची न्यायला सांगितलं नाही. मालिनीलाही काही बोलले नाहीत. महिन्याभरात तिची बदली झाली, दूर शहापूर तालुक्यात, डोंगरातल्या शाळेवर. आईला घेऊन जाणं शक्य नव्हतं. आई काकांकडे गेली.

मी चार वर्षं पुस्तकांतून त्याग हा शब्द वाचला होता. परीक्षेत त्यावर लिहिलंही होतं. मालिनी सामान बांधत होती तेव्हा मला एकही वाक्य सुचलं नाही.

शेवटच्या दिवशी मी तिच्याबरोबर शाळेत गेले. वेणूनं विचारलं, "बाई, नवीन बाई माझी खुर्ची काढतील?"

मला वाटलं, मालिनी नाही म्हणेल. ती वेणूसमोर जमिनीवर बसली.

"काढायला आल्या, तर तू काय सांगशील?"

वेणूनं मान खाली घातली.

"सांग, ही खुर्ची माझ्यासाठी केलीय. हिच्यात बसून मला लिहिता येतं."

वेणू पुटपुटली.

"मोठ्यानं."

वेणू पुन्हा म्हणाली. मालिनी उठून वर्गाच्या पार मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

"इथपर्यंत आलं नाही, वेणू."

वेणूनं खुर्चीचे दोन्ही हात धरले, मान वर केली आणि ओरडूनच सांगितलं. मुलं हसली नाहीत.

"आलं," मालिनी म्हणाली. "आता पाट्या काढा."