आल्यावर सांगू

आप्पा माणसं मोजत नसत. गावं पुकारत. बँकॉकच्या त्या चकचकीत विमानतळावर, जिथं माणसं दबक्या आवाजात बोलतात, तिथं आप्पांचा आवाज घुमायचा, "नंदगड! वडगाव! येळ्ळूर! आणि ही निपाणी कुठं उलथली?" मग निपाणी सेंटच्या दुकानातून मनगटं हुंगत बाहेर यायची. आप्पा कपाळावर हात मारून घ्यायचे. "आरं, फुकटचा वास घ्यायला एवढ्या लांब आणलंय व्हय रं तुमाला?"

मी बेळगावात एका ट्रॅव्हल ऑफिसात व्हिसाच्या टेबलावर बसते. आप्पा आमचे टूर मॅनेजर होते. बेळगुंदीचे शेतकरी, घरात रताळ्याचं पीक. आधी तिरुपती-काशीच्या बसवर ड्रायव्हर होते. मालकांनी परदेशी टूर सुरू केल्या तेव्हा आमचे प्रवासी म्हणाले, "आप्पा असतील तर आम्ही येतो." झालं, आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा बूट घातले आणि विमानात बसले. बूट त्यांना शेवटपर्यंत चावले.

आता आमच्या भागात परदेश म्हणजे काही अप्रूप राहिलेलं नाही. पूर्वी माणूस गोव्याला जाऊन आला तरी गल्लीत काजू वाटायचा. आता खतविक्रेते व्हिएतनामला जातात, भिशीच्या बायका थायलंडला जातात, आणि निपाणीत शिरलात की चौकात हा एवढा फ्लेक्स, 'परदेश दौऱ्याबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली गॉगल लावलेले अर्धा डझन चेहरे. तुम्हीही बघितले असतील. लोकांनी हिंडावं, माझं काही म्हणणं नाही. आमचं पोट त्यावरच आहे. पण हा धंदा माणसाला काय शिकवतो ते मी टेबलाच्या अलीकडून बघितलंय, आणि ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

आमच्या मालकांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "आपण तिकीट विकत नाही, मूड विकतो." ते वाक्य त्यांनी काचेवरसुद्धा चिकटवून घेतलंय. आप्पा त्या काचेसमोर उभे राहून तंबाखू मळायचे आणि मला म्हणायचे, "बाई, मूड किलोवर देत्यात का लिटरवर?"

एकदा एका टूरमध्ये निपाणीच्या एका काकांनी संकष्टी म्हणून हॉटेलच्या खोलीत उदबत्तीचा आख्खा जुडगा पेटवला. धुराची घंटा वाजली. सगळं हॉटेल, गोरे, चिनी, सगळे रस्त्यावर, कुणी टॉवेलवर. हॉटेलचा माणूस लालबुंद होऊन आला. आप्पांना इंग्रजी चार शब्दांपलीकडे येत नव्हतं. त्यांनी त्या माणसाचा हात धरून त्याला खोलीत नेलं, टेबलावरचा बोटाएवढा गणपती दाखवला आणि म्हणाले, "गॉड. टुडे फास्टिंग. सॉरी." तो माणूस बिचारा हात जोडून उभा राहिला. मग आप्पा काकांवर असे घसरले की काकांनी त्या रात्री चंद्र न बघताच उपास सोडला.

रागीट होतेच ते. पण त्यांचा राग बरोबर जागी पडायचा. थायलंडला गेलं की काही पुरुष मंडळींचे डोळे संध्याकाळी वेगळेच चमकायला लागतात. आप्पांना बाजूला घेऊन विचारतात, "आप्पा, दुसरं काय बघायला मिळतं का?" आप्पा सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणायचे, "मिळतंय की! वैनींनाबी बोलवा, दोघांना मिळूनच दाखवतो." पुढचे सगळे दिवस ती मंडळी आप्पांकडून नुसती बुद्धाची देवळं बघायची.

वडगावच्या काकू आप्पांच्या शेवटच्या टूरमध्ये होत्या. घरात विणकामाचा माग, आयुष्य त्या खडखडाटात गेलेलं. भिशीतल्या बायकांनी ओढून काढलं म्हणून निघाल्या होत्या. पासपोर्ट द्यायला मी गोव्याच्या विमानतळावर गेले होते, म्हणून तिथंच उभी होते. काकूंनी आप्पांचा दंड धरला.

"आप्पा, माझी आई नंदगडात अंथरुणाला खिळलीय. लई दिस झाले, तशीच हाय. पण काय बरंवाईट झालं तर मला लपवायचं न्हाय. आमच्यात लेक आल्याबिगर मयत उचलत न्हाईत."

"लपवत न्हाय," आप्पा म्हणाले. "शब्द दिला. आता हासा बघू जरा. त्या विमानातल्या पोरींना वाटंल, मी तुमाला पळवून नेतोय."

टूर निम्मी झाली असेल. सकाळी ऑफिस उघडतानाच फोन आला. नंदगडहून काकूंचा भाऊ. आई पहाटे गेली होती.

मी म्हटलं, "काकूंना लगेच कळवते."

"नको, नको," तो घाईनं म्हणाला. "त्यासाठीच फोन केलाय. तिला कळू देऊ नका. ती येईस्तोवर कोण थांबणार? सगळे जमलेत. टूर होऊ दे तिची, आल्यावर सांगू. फकस्त गावातनं कोण तिच्या मोबाईलवर फोन करंल, तेवढं तुमी सांभाळा."

मालक नुकतेच आत आले होते. त्यांनी फोन माझ्या हातून घेतला, "अगदी बरोबर निर्णय घेतलात साहेब," असं म्हणाले, आणि लगेच आप्पांना लावला. स्पीकरवर. मला सगळं ऐकू येत होतं.

"आप्पा, वडगावच्या बाईंची आई वारली. सांगायचं नाही. घरच्यांचंच तसं म्हणणं आहे. त्यांच्या फोनला हॉटेलचं वायफाय चालू देऊ नका. बंद पडलंय म्हणा. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

आप्पा म्हणाले, "मालक, ती बाई आत्ता माझ्या म्होरं शहाळं पितीय. नातवाला हत्तीचा फोटो न्यायचा म्हणतीय. मी तिच्या तोंडाकडं कसं बघू?"

"तेच तर! हत्तींचा कार्यक्रम आहे, मग बेटावर जायचंय. एका बाईसाठी सगळ्यांचा मूड घालवायचा?"

"मी शब्द दिलाय तिला."

"शब्द कंपनीचा चालतो, तुमचा नाही."

आप्पांनी फोन ठेवून दिला. मालक माझ्याकडं बघून म्हणाले, "येडा आहे का हा?" मी तेव्हा काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आप्पांनी काकूंना सांगितलं. गाडीच्या सावलीत खाली बसवून, हातातलं शहाळं काढून घेऊन, सरळ सांगितलं. "काकू, आई गेली तुमची." मग त्यांनी नंदगडला फोन लावला आणि भावाला म्हणाले, "लेक निघालीय. बर्फ आणा आणि थांबवा. तिच्याआधी उचललंसा तर मी टूर सोडून गावात येतो आणि पारावर बसून इचारतो." काकूंचं तिकीट मी काढलं. मालकांना विचारलं नाही. त्याबद्दल अजून बोलणी खाते, आणि खुशाल खाते.

भिशीतल्या बायका आधी रडल्या. जेवायच्या वेळेपर्यंत त्यांचं रडू आटलं होतं आणि तोंडं सुटली होती. "सांगायची काय गरज होती आत्ताच? आता आम्ही फोटो कसे काढायचे?" एकीला तर प्रश्न पडला, काकूंना सुतक, मग आपण त्यांच्या टेबलावर जेवलेलं चालतं का? वर्षानुवर्षं एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला जाणाऱ्या बायका या! काकू एकट्या, परक्या मुलखात, पदराचा बोळा तोंडात धरून कोपऱ्यात बसलेल्या. आप्पा त्यांच्या समोर ताट घेऊन बसले आणि बाकीच्यांना म्हणाले, "सुतक तिला हाय. तुमाला काय झालंय? तुमी गिळा."

विमानतळावर त्यांनी घरी परतणारं हुबळीचं एक जोडपं हुडकलं, काकूंचा हात त्यांच्या हातात दिला आणि पार दारापर्यंत सोडून आले. नंदगडात लोक थांबले. भावालाही थांबावं लागलं, गावानं त्याला तोंड वर करू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी काकू पोचल्या, आईच्या तोंडावरून हात फिरवला, आणि मग उचललं.

टूर परत आली. भिशीच्या बायकांनी नेटवर ऑफिसच्या नावाखाली लिहून टाकलं होतं, मॅनेजर उद्धट, वातावरण दुःखी केलं, पैसे वाया. मालकांनी आप्पांना बोलावलं. ओरडले नाहीत, ओरडणं त्यांच्या मूडमध्ये बसत नाही. गोड आवाजात म्हणाले, "आप्पा, आता वय झालं तुमचं. विश्रांती घ्या."

आप्पांनी कंपनीची टोपी टेबलावर ठेवली. "मालक, बरं केलंसा. मलाबी ते बूट सोसंनात."

ते गेले आणि मालकांनी फोन उचलला. बेळगावातल्या, कोल्हापुरातल्या, हुबळीतल्या सगळ्या ट्रॅव्हलवाल्यांना एकेक करून लावला. "त्या माणसाला घेऊ नका, ग्रुप बिघडवतो." हे मी माझ्या कानानं ऐकलं. कुणी घेतलं नाही. आप्पा बेळगुंदीला रताळी लावतात. आता आमच्याकडं जी नवी मुलं मॅनेजर म्हणून येतात ती गळ्यात माईक अडकवून "एन्जॉय करा, काकू!" म्हणत नाचतात. चांगली असतील. मला त्यांच्या हसण्याकडं बघवत नाही.

आईचे दिवस झाल्यावर काकू ऑफिसात आल्या. हातात डबा. आप्पांना जेवण घेऊन आल्या होत्या. आप्पा नाहीत आणि का नाहीत, ते मी सांगितलं. मालकांच्या देखतच सांगितलं. काकू काचेच्या केबिनच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या आईचं तोंड मला त्या माणसानं दाखवलं," त्या म्हणाल्या. "बर्फात ठेवलं हुतं तिला, माझ्यासाठनं. तुमी काय दाखवणार हुता? हत्ती?"

"मॅडम, कंपनीची एक पॉलिसी असते…"

"पॉलिसीला आई नसती व्हय?"

काकूंनी मला बेळगुंदीची बस कुठून मिळते ते विचारलं आणि डबा सावरत निघून गेल्या.

बाहेरच्या सोफ्यावर एक कुटुंब बसलं होतं. दुबईची चौकशी करायला आलेलं. नवरा, बायको, दोन मुलं, आणि नवऱ्याची म्हातारी आई. आईचं तिकीट काढायचं नव्हतं. ती घर राखायला मागं राहणार होती. सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता हे उठून जातील. जावेत, असंच मनात म्हणत होते. तो तरुण खाकरला.

"सर, एक सांगायचं होतं. आम्ही तिकडं असताना असं काही झालं, तर आम्हाला कळवू नका हं. मुलांची सुट्टी असते, एवढं ठरवून जायचं. आल्यावर बघू."

मालकांचा चेहरा फुलला. "अहो, हेच तर मी म्हणतो!" मग माझ्याकडं वळून, "मॅडम, यांच्या नावापुढं तसं टाकून ठेवा."

अरे, तुझ्या घरी मागं राहणारं माणूस एकच, आणि ते तुझ्या मांडीला मांडी लावून बसलंय! आप्पा असते तर त्यांनी त्याची गचांडी धरून त्याला जिन्यावरून खाली नेलं असतं. मी खुर्ची मागं सारून उठले, त्याला चार शब्द सुनावायलाच उठले. तेवढ्यात म्हातारीनं मला हातानं खाली बसायची खूण केली. ती हसत होती. नातवाच्या केसातनं हात फिरवत म्हणाली,

"खरं हाय बाई त्याचं. पोरं हिंडाय गेलेली असत्यात. कशाला हाक मारायची? बर्फात ठेवत्यात की आता. मी थांबीन."