पोट दिसायच्या आधीच्या गोळ्या

"पोटात काही नाही, आणि गोळ्या पाहिजेत म्हणे!" सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तुमच्या बौद्धवस्तीला फुकटचं दिसलं की धीर निघत नाही. आधी दिवस जाऊ देत, मग ये."

रांग हसली. सवयीनं मीही हसले. लोणावळ्याच्या चिक्कीच्या कारखान्यात नकला करून बायकांना हसवणारी मीच. मुकादमाची फेंगडी चाल, बंगल्यातल्या मॅडमचं नाक मुरडून चिक्की चाखणं. रांगेत कारखान्यातल्या दोघी होत्या. त्यांना वाटलं, आता ही सिस्टरची नक्कल करणार.

नक्कल मात्र निघेना.

आदल्या पावसाळ्यात मला मुलगी झाली होती. कणा उघडा. सकाळी जन्मली, दिवेलागणीला गेली. पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पुढच्या खेपेला फोलिक अ‍ॅसिड दिवस जायच्या आधीपासून घ्या. आपल्याला कळेपर्यंत बाळाचा कणा घडून गेलेला असतो." पहिल्या खेपेला हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी म्हणाले, "सिस्टर, माझी पोरगी उघडी पाठ घेऊन आलती. उताणी निजवता येत नव्हती. पालथी धरून बसले, जाईस्तोवर. गोळ्या द्या."

सिस्टरनी पाकीट लांबूनच टेबलावर फेकलं. ते घसरून माझ्या पायाशी पडलं.

"घे."

आजवर दरवेळी वाकले होते. माझी आईही वाकायची. त्या दिवशी कंबर वाकेना.

"हातात द्या."

"काय?"

"माझ्या पुढच्या काकूंना दिलंत, तसं. हातात."

गुळाच्या पाकानं पोळलेला तळवा मी पुढं धरला. तसाच. खाली घेतला नाही. शेवटी सिस्टर उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या, वाकल्या. पाकीट माझ्या तळव्यावर ठेवलं.

गोळ्या मी घेतल्या. रोज. दिवस मात्र पुन्हा राहिले नाहीत. घेत राहिले, वय निघून जाईपर्यंत. मुलीचं नाव ठेवायचंही राहूनच गेलं.

नकला अजून करते. त्या सिस्टरचीही करते. बायका पोट धरून हसतात. तळवा पुढं केला की मात्र माझी नक्कल तिथंच थांबते.

वस्तीत नवी सून आली की तिला मीच दवाखान्यात नेते. पोट दिसायच्या आधी. पोरी दारातच अडतात. "आत्या, लोक हसतील."

"हसू दे. खाली पडलेलं उचलायचं न्हाई. हात पुढं कर."